माता, बालक आणि किशोर : आरोग्यरक्षणाची अखंड साखळी

गावाच्या आरोग्याची खरी कसोटी त्या गावातील माता आणि मुले कशी आहेत यावरून लागते. या कसोटीवर महाराष्ट्राने गेल्या काही दशकांत लक्षणीय मजल मारली आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील ६४.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांमध्ये झाल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते. २०१८-२० मध्ये ते ३३ पर्यंत खाली आले. दाई, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविका यांनी वाड्यावस्त्यांवर केलेल्या पायपिटीचे हे फळ होय.

तथापि, त्याच पाचव्या पाहणीने चित्राची दुसरी बाजूही पुढे आणली आहे. पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. म्हणजे या बाबतीत राज्य जागच्या जागीच राहिले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. प्रसूती सुखरूप झाली, परंतु त्याआधीचे आणि त्यानंतरचे दुवे कच्चे राहिले, असा याचा अर्थ होतो.

तिसरी एक बाजू अशी आहे की तिच्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले जाते. जन्मतःच्या संकटातून वाचलेले, सर्व लसी घेतलेले, वजन भरलेले मूल चौथ्या वर्षी घरामागच्या उघड्या विहिरीत पडते, किंवा दहाव्या वर्षी शेततळ्यात बुडते. माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख असतो आणि लसींच्या तारखा असतात. त्या विहिरीसाठी मात्र कोठेही रकाना नसतो. अशा मृत्यूला ‘अपघात’ म्हटले जाते आणि तेथेच विषय संपतो. वस्तुतः गर्भारपण, बाल्य आणि किशोरवय या एकाच साखळीच्या कड्या असून इजांपासून संरक्षण हा त्या साखळीचाच भाग आहे. ही साखळी कोठे तुटते आणि ती सांधण्यासाठी गावपातळीवर काय करता येते, याचा विचार येथे केला आहे.

पहिली कडी : गर्भवती

गर्भधारणेपासून मुलाचा दुसरा वाढदिवस उजाडेपर्यंत सुमारे एक हजार दिवस होतात. शरीराची आणि मेंदूची जी बांधणी या दिवसांत होते, ती पुढे कितीही खर्च केला तरी पूर्णपणे भरून काढता येत नाही. यास्तव गर्भवतीची नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांतच झाली पाहिजे आणि प्रसूतीपूर्वी तिच्या किमान चार तपासण्या व्हावयास हव्यात. वजन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी या साध्या बाबींतून पुढील बहुतेक धोक्यांची चाहूल लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यसंस्थांत डॉक्टरांकडून अशी तपासणी विनामूल्य केली जाते.

रक्तक्षय हा गर्भवतीचा छुपा शत्रू होय. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो तीव्र मानला जातो. प्रसूतीच्या वेळी होणारा जो रक्तस्राव सुदृढ स्त्री सोसू शकते, तोच रक्तक्षय असलेल्या स्त्रीच्या जिवावर बेततो. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे लोहाच्या किमान १८० गोळ्या आणि प्रसूतीनंतर तितक्याच गोळ्या देण्याची तरतूद आहे. परंतु गोळी वाटणे आणि ती पोटात जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शौचाचा रंग काळा होतो, मळमळते, म्हणून अनेक स्त्रिया गोळ्या बंद करतात. हा रंग निरुपद्रवी असून गोळी जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो, चहा किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, एवढे समजावून सांगितले तरी पुष्कळ काम होते. ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल’ हा समजही अजून कानावर पडतो. याच्या उलट, अर्धपोटी मातेच्या पोटी अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल जन्मते आणि त्याच्या दुबळेपणाची सुरुवात तेथूनच होते. आदिवासी भागांतील गर्भवती व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ चौरस ताजा आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली, ती याच कारणासाठी.

मातामृत्यूंच्या अभ्यासकांनी तीन प्रकारचे विलंब सांगितले आहेत : दवाखान्यात नेण्याचा निर्णय घेण्यातील विलंब, तेथे पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब. यांपैकी तिसरा विलंब शासनयंत्रणेच्या हाती असला, तरी पहिले दोन बव्हंशी घराच्या आणि गावाच्या हाती आहेत. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे ही लक्षणे दिसताच सासू, नवरा वा शेजारीण कोणाचीही परवानगी मागत बसता कामा नये. १०२ व १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांतील गर्भवतीला प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवण्याची सोय दुर्गम आदिवासी भागांत करण्यात आली आहे. तिचा लाभ घेण्यासाठी तारखांची यादी गावातच तयार हवी.

गर्भवतीलाही इजांपासून संरक्षण लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. शेवाळलेल्या पाणवठ्यावरून भरलेला हंडा घेऊन चढणे, जड मोळी वाहणे, धुराने कोंदलेल्या स्वयंपाकघरात तासन्‌तास बसणे आणि घरातील मारहाण या चारही गोष्टी मातेला आणि पोटातील बाळाला घातक आहेत. पाणवठ्याला पायऱ्या व कठडा बांधणे हे म्हणूनच मातृसंरक्षणाचेही काम ठरते.

जन्मानंतरचे पहिले दिवस

पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे २३.२, तर पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण १६.५ इतके आढळले. म्हणजे पहिल्या वर्षात दगावणाऱ्या दर दहा अर्भकांपैकी सुमारे सात अर्भके पहिला महिनाही पाहत नाहीत. अकाली जन्म, जंतुसंसर्ग, जन्मताना गुदमरणे आणि अंग गार पडणे ही त्यांची मुख्य कारणे होत.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे, गावाने निवडलेली अल्पशिक्षित स्त्रीही आरोग्याचे काम कुशलतेने करू शकते, हे दाखवून दिले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकाची काळजी थेट घरी नेली. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत हा प्रयोग आणि तुलनेसाठी ४७ गावांत निरीक्षण करण्यात आले. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, बाळाला ऊब देण्यास शिकवीत आणि जंतुसंसर्गावर उपचार करीत. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम राबविला जात आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा स्वयंसेविका ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीही जाते. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांतील भेटींची त्यात भर पडली. पहिल्या तासात स्तनपान, सहा महिने केवळ आईचे दूध, कमी वजनाच्या बाळाला आईच्या उराशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे आणि नाळेला काहीही न लावणे, एवढे नियम पाळले गेले तरी अनेक बाळे वाचतात. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक झाल्यास, ते दूध ओढेनासे झाल्यास किंवा अंगाला गार लागल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे.

आहार आणि लस : अंगणवाडीची वर्षे

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. मेळघाटातील धारणी त्यांपैकी एक होते. आज अंगणवाडी प्रत्येक गावाच्या ओळखीची झाली आहे. तथापि कुपोषणाची सुरुवात मूल अंगणवाडीत येऊन बसण्याच्या आधीच होते. सहा महिने पूर्ण होताच आईच्या दुधाबरोबर घट्ट वरणभात, तूप वा तेल घातलेली खिचडी, कुस्करलेली फळे, भाज्या आणि चालत असल्यास अंडी दिवसातून अनेक वेळा द्यावयास हवीत. वरणाचे नुसते पाणी व पातळ पेज यांनी पोट भरते, परंतु शरीर भरत नाही. शेतमजूर आई दिवसभर कामावर असेल, तर हे भरवणार कोण, हा खरा प्रश्न आहे. त्यामुळे कामाच्या जागी किंवा गावात पाळणाघराची सोय हा पोषणाचाच उपाय ठरतो. बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजून त्याला ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करावे किंवा वरच्या उपचारासाठी पाठवावे.

लसीकरणाबाबतही समाधान मानून स्वस्थ बसण्यासारखी स्थिती नाही. पाचव्या पाहणीत राज्यातील १२ ते २३ महिने वयाच्या ७३.५ टक्के बालकांचेच लसीकरण पूर्ण झालेले आढळले. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तो लसीतून सुटलेल्या बालकांमुळेच पसरला. ऊसतोडीसाठी, वीटभट्ट्यांवर वा बांधकामांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले सर्वांत आधी यादीबाहेर पडतात. जाताना संरक्षण कार्ड सोबत देणे, आणि कारखाना परिसरात उतरलेल्या टोळ्यांतील गर्भवती व मुलांची नोंद तेथील आरोग्यसेविकेने घेणे, या दोन कृतींनी ही गळती पुष्कळशी थांबते.

‘अपघात’ हा दैवाचा खेळ नव्हे

हिवताप वा कॉलरा यांना एके काळी दैवी कोप मानले जाई. डास आणि दूषित पाणी ही त्यांची कारणे कळल्यावर उपायही सापडले. इजांच्या बाबतीत समाजाची मनोवृत्ती अजून त्या जुन्या टप्प्यावरच आहे. अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅडन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इजांकडे रोगासारखे पाहण्याची पद्धत घालून दिली. घटनेपूर्वी, घटनेच्या वेळी आणि घटनेनंतर अशा तीन टप्प्यांवर माणूस, वस्तू आणि परिसर यांत काय बदल करता आले असते, असा प्रश्न त्यांनी विचारला. ‘मुलाने सावध राहावे’ या उपदेशापेक्षा ‘विहिरीला झाकण हवे’ हा उपाय अधिक खात्रीचा, हे या पद्धतीचे सार होय. तीन वर्षांच्या मुलाला सावधपणा शिकवता येत नाही. कठडा मात्र बांधता येतो.

इजांना वयाचे, जागेचे आणि ऋतूचे ठरावीक वळण असते. रांगते मूल बादलीत व हौदात बुडते, चुलीवर भाजते. चालते मूल विहिरीकडे जाते. शाळकरी मूल रस्त्यावर, तळ्यात आणि झाडावरून पडून सापडते. मे महिन्याच्या सुट्टीत पोहण्याचे, पावसाळ्यात ओढ्याचे व सापांचे, दिवाळीत भाजण्याचे आणि संक्रांतीला गच्चीवरून पडण्याचे व मांजाने कापण्याचे प्रसंग वाढतात. जे आधी सांगता येते ते टाळताही येते.

पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख व्यक्ती बुडून मृत्यू पावल्या. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. महाराष्ट्रात जुन्या बिनकठड्याच्या विहिरींच्या जोडीला शेततळी आली आहेत. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर त्यांची संख्या वाढली आणि कोरडवाहू शेतकऱ्याला त्यांचा मोठा आधार झाला. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याचा उतार ओला होताच कमालीचा निसरडा बनतो. त्यात घसरलेल्या मुलाला, किंवा पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही, पकडायला काही मिळत नाही. एकाला वाचवण्यासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो आणि एकाच घरातील अनेक जीव जातात. उपाय अगदी साधे आहेत : भोवती तारेचे कुंपण व बंद होणारे फाटक, काठावरच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर चारही बाजूंनी, आणि जवळ हवा भरलेली एक जुनी ट्यूब. तळ्याच्या अंदाजपत्रकातच हा खर्च धरला गेला पाहिजे. वाचवणाऱ्याने पाण्यात उडी न घेता दोर, बांबू किंवा साडी फेकावी. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगून वा गरगर फिरवून पोटातील पाणी काढण्याच्या खटपटीत मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असल्यास तत्काळ तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबण्याची क्रिया सुरू करावी आणि रुग्णवाहिका बोलवावी. कमरेला वाळलेला भोपळा बांधून मुलांना पोहायला शिकवण्याची परंपरा आपल्या खेड्यांत होती. सहा वर्षांपुढील मुलांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे शिकवणे हा जागतिक आरोग्य संघटनेनेही सुचविलेला उपाय आहे. लहान मुलांसाठी मात्र कुंपण आणि देखरेख यांना पर्याय नाही. सोडून दिलेल्या कूपनलिका भरून बंद करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले आहेत. त्यांचे पालन गावातच तपासता येते.

आग आणि विष. जमिनीवरील चूल वा स्टोव्ह, अंघोळीसाठी काढून ठेवलेले कढत पाणी आणि लग्नकार्यातील वरणाची पातेली ही मुलांच्या भाजण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. चूल ओट्यावर घेणे, बादलीत आधी थंड पाणी ओतून मग गरम पाणी घालणे आणि आचाऱ्याच्या जागेभोवती दोरी बांधणे, हे बिनखर्चाचे उपाय होत. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. हळद, तूप, शाई वा टूथपेस्ट लावू नये. रॉकेल, फवारणीचे औषध वा ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवणे म्हणजे मुलाच्या हाती विष देणेच होय. रॉकेल प्यालेल्या मुलाला उलटी करवू नये; उलटीवाटे ते फुप्फुसात जाऊन धोका वाढतो.

विंचू, साप आणि कुत्रा. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने एके काळी अनेक मुले दगावत. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा रुग्णांचा चिकाटीने अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाने हे मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळता येतात, हे सिद्ध केले. ग्रामीण डॉक्टरच्या या कामाला जगभर मान्यता मिळाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. औषध असले तरी मूल वेळेत पोहोचले पाहिजे. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या व हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे होत. बूट झटकून घालणे, सरपणात थेट हात न घालणे ही सवय शाळेतच लागावी. मण्यार रात्री झोपेत चावतो, म्हणून पावसाळ्यात जमिनीवर न झोपता खाटेवर आणि मच्छरदाणी खोचून झोपावे. साप चावल्यास जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये. चावलेला अवयव हलू न देता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. मुले मार बसेल या भीतीने असा चावा लपवतात, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

रस्ता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकास दुचाकीवर शिरस्त्राण सक्तीचे केले आहे, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षणही त्याच कायद्याने दिले आहे. शाळेसमोर गतिरोधक, फलक आणि सुटीच्या वेळी एक जबाबदार माणूस यांची व्यवस्था मात्र गावानेच करावयाची आहे. मळणीयंत्रात अडकणारी ओढणी आणि मोटारसायकलच्या चाकात जाणारी लहान मुलाची टाच यांकडेही लक्ष असावे.

किशोरवय : शेवटची आणि पुन्हा पहिली कडी

दहा ते एकोणीस हे वय निरोगी समजले जाते आणि म्हणूनच दुर्लक्षिले जाते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसने, असंसर्गजन्य रोग आणि इजा व हिंसा असे सहा विषय त्यासाठी निश्चित केले. शाळेत दर आठवड्याला दिली जाणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा दिली जाणारी जंतनाशक गोळी ही या वयातील रक्तक्षयावरची सोपी साधने आहेत. गोळी जेवणानंतर आणि शिक्षकांच्या समोर घेतली गेली तरच तिचा उपयोग.

पाचव्या पाहणीत २० ते २४ वर्षे वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांआधी झालेला आढळला. मुलगी शाळेतून निघते, तिचा विवाह होतो, आणि स्वतःच्या शरीराची वाढ पुरी होण्याआधी ती माता होते. तिचे बाळ कमी वजनाचे जन्मते आणि साखळी पुन्हा त्याच कच्च्या कडीपासून सुरू होते. बालविवाह प्रतिबंधक अधिनियम २००६ मध्ये झाला. परंतु लग्नाची बोलणी कोठे चालली आहेत हे कळते शिक्षकांना, अंगणवाडी सेविकेला आणि शेजाऱ्यांना. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलीची चौकशी ही म्हणूनच आरोग्यसेवेइतकी मोलाची आहे. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

या वयातील मनाचे ताणही दुर्लक्षून चालत नाहीत. परीक्षा, घरातील भांडणे, अपमान यांतून क्षणिक उद्वेगात टोकाचे पाऊल उचलले जाते. घरात कीटकनाशक कुलुपात असेल तर तो क्षण टळण्याची शक्यता वाढते. बोलण्यासाठी जवळचे माणूस नसल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लिहिलेला असावा.

गावाने काय करावे

गर्भवती आरोग्य खात्याकडे, बालक महिला व बालविकास खात्याकडे, विद्यार्थी शिक्षण खात्याकडे, शेततळे कृषी खात्याकडे आणि रस्ता बांधकाम खात्याकडे, अशी कामाची वाटणी शासनात अपरिहार्य असते. मूल मात्र एकच असते आणि ते दिवसभर या सर्व खात्यांच्या हद्दींतून हिंडत असते. त्याला सलगपणे पाहणारी संस्था एकच, ती म्हणजे ग्रामपंचायत.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने पुढील कामे हाती घ्यावीत. वर्षातून दोनदा, मार्चच्या अखेरीस आणि पावसाळ्यापूर्वी, शिक्षक, आशा व पंचायत सदस्य यांनी मिळून गावफेरी काढावी आणि उघड्या विहिरी, तळी, कूपनलिका, लोंबत्या तारा व धोक्याची वळणे यांची यादी करावी. ही यादी ग्रामसभेत वाचून प्रत्येक जागेसाठी जबाबदार व्यक्ती व मुदत ठरवावी. ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. शिवणयंत्रांच्या वाटपाबरोबरच अंगणवाडीचे कुंपण व पाळणाघर यांचाही त्या वेळी विचार व्हावा. शाळेने इजांची साधी वही ठेवावी : मूल किती वर्षांचे, कोठे, किती वाजता आणि कशाने. वर्षभरात त्या वहीतूनच गावाचे धोके स्पष्ट होतील. प्राथमिक आरोग्य केंद्राने शिक्षकांना व तरुण मंडळांना प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक द्यावे, आणि सर्पदंशाचे व श्वानदंशाचे औषध कोणत्या रुग्णालयात मिळते याचा फलक चावडीवर लावावा. तालुका अधिकाऱ्यांनी बालमृत्यूंच्या चर्चेत आजाराने गेलेल्या बालकांबरोबर बुडालेल्या, भाजलेल्या आणि दंशाने गेलेल्या मुलांचीही कारणमीमांसा करावी.

यांपैकी बहुतेक कामांना मोठा निधी लागत नाही. एका दोराला, एका झाकणाला, वेळेवर मोजलेल्या एका श्वासाला लागणारा खर्च नगण्य आहे. मातेच्या नऊ महिन्यांच्या कष्टांनी, सेविकांच्या पायपिटीने आणि शिक्षकांच्या श्रमाने वाढवलेले मूल हे साऱ्या गावाचे धन होय. त्याची नोंद जन्माच्या दाखल्यापासून सुरू होते. ते सुदृढ, शिक्षित आणि सुखरूप प्रौढत्वात पाऊल टाकीपर्यंत गावाने त्याच्यावरची नजर काढता कामा नये.